कपाटात लागलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे आणि माझ्यामुळे एक आख्खं प्रवासी जहाज बंदरात अडकून पडलं.

असं काहीही झालेलं नाही. जहाजाच्या दप्तरात त्या दिवसापुढे 'तांत्रिक कारण' असं लिहिलं आहे आणि छापील गोष्टीवर विश्वास ठेवावा असं मलाही वाटतं. फक्त ते तांत्रिक कारण नारिंगी रंगाचं होतं, त्याला तीन पट्टे होते आणि ते आत्ता तुमच्याशी बोलतंय.

माझा जन्म शिवणकामाच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. जिने मला शिवलं ती बाई प्रत्येक पट्टा असा हिसडून बघायची की जणू मी तिचे पैसे बुडवून पळत होतो. मग एका साहेबांनी मला हौदात टाकलं. मी तरंगलो. त्यांनी माझ्या पोटावर शिक्का मारला. मित्रांनो, पाण्याशी माझा संबंध आला तो तेवढाच. परीक्षा पास झालो, नोकरीही लागली, काम मात्र मिळालं नाही. हे सांगताना मला फार लाज वाटते.

मग माझ्या खांद्यावर एक छोटा दिवा बसवला. पाण्याचा स्पर्श झाला की तो आपोआप लागतो, म्हणजे अंधाऱ्या समुद्रात माणूस सापडतो. पण तो एकदाच लागतो. त्यामुळे मी त्याला जपलं. मला जहाजाच्या एका खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. तिथे माझी बरीच कामं झाली. कोणी मला उशी केलं. कोणी माझ्यावर गुडघे टेकून पलंगाखालची चप्पल काढली. एका गृहस्थांनी तर माझ्यावर ओले मोजे वाळत घातले. सुदैवाने दिव्यापासून लांब. दर सफरीच्या सुरुवातीला भोंगे वाजायचे, सगळ्यांना आपापलं जॅकेट घालून डेकवर उभं राहावं लागायचं. लोक फोटो काढायचे. "जाड दिसतेय का गं मी?" एवढाच प्रश्न मला आयुष्यभर ऐकू आला.

मग त्या खोलीत काका आणि काकू आले. काका निवृत्त पोस्टमास्तर. मुलाने लग्नाच्या वाढदिवसाला सफर भेट दिली होती. पहिल्या दिवशी जेवायला जाताना काकांनी सवयीने विचारलं, "अगं, आज जेवायला काय आहे?"

काकू नसलेल्या पायरीवर पाय पडावा तशी थबकली. मग म्हणाली, "मला काय माहीत?"

आणि ती हसायला लागली. खाली बसून हसली, डोळे पुसून पुन्हा हसली. काकांना वाटलं बोट लागली. पण तिच्या लक्षात आलं होतं की लग्नानंतर पहिल्यांदाच तिला हे खरोखर माहीत नव्हतं.

सफर संपत आली तशी तिने खालच्या काउंटरवर जाऊन पुढची सफर घेऊन टाकली. तेच जहाज, तीच खोली.

काका पलंगावरून उठलेच. "अगं, तीच बंदरं, तेच पाणी! परत तेच काय बघायचं?"

"मी एवढी वर्षं तोच ओटा बघितला, तेव्हा विचारलं होतंत?"

काका पुन्हा पलंगावर बसले. पण त्या संध्याकाळी काकू अंघोळीला गेली आणि काकांनी हळू आवाजात मुलाला फोन लावला. "उद्या गाडी तयार ठेव. खाली उतरलो की आईला थेट घरी आणतो. बाकी मग बघू." अंघोळीचा नळ केव्हाच बंद झाला होता, हे त्यांना कळलं नाही. मला कळलं. पण मला कोण विचारतं?

आता इथला एक नियम समजून घ्या. दोन सफरींच्या मधल्या दिवशी सगळ्या प्रवाशांनी उतरायचंच. ज्यांना पुढे राहायचंय त्यांनीही. खाली हॉलमध्ये बसायचं, दारावरच्या मशीनवर आत उरलेल्या प्रवाशांचा आकडा शून्य होऊ द्यायचा आणि मग पुन्हा चढायचं. जहाज शून्य झाल्याशिवाय नवा माणूस आत घेत नाहीत.

सकाळी काकू म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." काका गेले. तिने मला खाली काढलं, अंगात घातलं, तिन्ही पट्टे आवळले आणि कपाटात बसून दार लावून घेतलं. मला घातलेल्या माणसाला जहाजावरून उतरवता येत नाही, असा तिचा ठाम समज होता. मी आयुष्यात कोणाच्याही उपयोगी पडलो नव्हतो. ज्या एका बाईने माझ्यावर भरवसा ठेवला, तिचाही गैरसमज होता.

आकडा एकवर थांबला.

कर्ण्यातून काकूचं नाव पुकारलं गेलं. मग पुन्हा, जरा कमी प्रेमाने. खोल्या आवरणारा दादा येऊन चादरी बदलून गेला. खाली नव्या प्रवाशांची रांग हॉलबाहेर गेली. काकांना शोधायला पाठवावं, तर ते चढताच आकडा दोन होणार. यावर साहेब लोकांचा बराच विचारविनिमय झाला. शेवटी आकडा दोन करण्यात आला.

काका खोलीत आले. दादा दारात उभा राहिला.

"अगं, बाहेर ये. लोक हसतायत." काकांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. "मी काय म्हणतो... ऐकतेयस ना?"

काकूने श्वाससुद्धा घेतला नाही. तो सगळा मीच धरून बसलो होतो.

काका पलंगाच्या कडेवर बसले आणि रिकाम्या खोलीला सांगायला लागले. "परवा तू डेकवर गेली होतीस. मी चहा आणायला गेलो. मशीनपुढे उभा राहिलो नुसता. मागे रांग लागली. एका मुलीने पुढे होऊन बटण दाबून दिलं. म्हणाली, 'आजोबा, घरी कोण देतं?' मी आख्खं पोस्ट चालवलं गं. आणि मला आपला चहा... आपल्या चहात साखर किती असते तेसुद्धा माहीत नाही. आणखी एक आठवडा ही शोभा नको वाटली मला. घरी बरं असतं. घरी दिसत नाही."

दादा दारात उभ्या उभ्या आपल्या बुटांकडे बघत होता.

मित्रांनो, तेव्हा काकूच्या हनुवटीवरून एक थेंब घरंगळला आणि नेमका माझ्या खांद्यावर पडला. त्यामागून दुसरा. पाणी थोडंच होतं, पण खारं होतं. माझा दिवा लागला. लखलख, लखलख. आयुष्यभर ज्यासाठी जपलं, तो क्षण मी कपाटात, टांगलेल्या झग्यांखाली वाया घालवला. वर ज्या बाईने आसरा मागितला, तिचीच चहाडी केली.

"काका," दादा हळूच म्हणाला, "तुमचं कपाट उजेड देतंय."

काकांनी दार उघडलं. काकू गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"तुम्ही मला घरी नेणार होतात."

"हो."

"मला न विचारता."

"हो." काकांची मान खालीच होती. "चुकलं माझं."

"मग आता?"

काकांनी खिशातून फोन काढून तिच्यासमोरच लावला. "हं, मी बोलतोय. गाडी परत ने. नाही, आई बरी आहे. मी... मीही होईन." मग तिला हात दिला. "ऊठ. खाली जाऊ, शून्य होऊ, परत येऊ. आणि चहा मी आणेन."

"बटण कुठलं दाबायचं माहितेय?"

"डावीकडचं."

"ते गरम पाण्याचं," काकू म्हणाली आणि उठली.

माझे पट्टे सोडायला वेळ नव्हता. त्यामुळे ती मला घालूनच उतरली. दिवा लखलखतोय, केस विस्कटलेत, मागे काका, त्यांच्यामागे वायरलेसवर बोलणारे जहाजाचे साहेब. हॉलमधल्या नव्या प्रवाशांनी ते दृश्य पाहिलं आणि एक कुटुंब सामानासकट घरी गेलं. कारखाना सोडल्यापासून जमिनीवर तो माझा पहिलाच दिवस. मला ती दुभंगायला हवी होती. पण मशीनवर शून्य आलं, दारावरच्या बाईने कपाळाला हात लावला आणि थोड्याच वेळात आकडा पुन्हा दोन झाला.

दिवा संपल्यामुळे मी कामातून गेलो. आता सरावाच्या वेळी साहेब मला काठीला लटकवून दाखवतात आणि सांगतात, "हे असं वापरायचं नसतं." मी मान खाली घालतो. ती मला नाही, तरी घालतो. मात्र त्या पुढच्या आठवड्यात, मी फळीवर शिक्षा भोगत असताना, रोज सकाळी दार उघडायचं आणि काकांचा आवाज यायचा, "बघ गं, जमलाय का?" पहिले काही दिवस नुसतं गरम पाणी यायचं. काकू तेही प्यायची.

म्हणून मित्रांनो, आपल्या माणसाला जपा, तो कपाटात जाऊन बसायच्या आत. आणि ही जबाबदारी तुमच्या लहानशा खांद्यांवर टाकू नये म्हणून मी योग्य त्या ठिकाणी अर्ज केला आहे:

प्रति, माननीय अध्यक्ष, सागरी सुरक्षा मंडळ. विषय : किनाऱ्यावरील घरांत सुरक्षा सराव सक्तीचा करणेबाबत. महोदय, प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात भोंगा बसवण्यात यावा. आठवड्यातून एकदा तो वाजताच सदर घरातील सर्व पुरुषांनी ओट्यापाशी हजर होऊन चहा करून दाखवावा, व घरातील बाई स्वतः 'शून्य' म्हणेपर्यंत कोणीही जागा सोडू नये. सबब, आदेश तातडीने निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.