बोटीवर लिहायचं, किनाऱ्यावर वाचायचं

आज नवा टेप ड्राइव्ह निवडायचा, या आनंदात तोरुनला सकाळी धड खाणंही सुचलं नव्हतं. ओलेसुंडच्या धक्क्यावरच्या मासळी संशोधन केंद्रात कॉम्प्युटरचा सगळा कारभार तिच्याकडे होता, आणि नवं यंत्र यायचं म्हणजे तिच्या घरी जणू लग्नच.

हेरिंग मोजणारी बोट 'हावर्न' संध्याकाळी निघणार होती. माशांच्या थव्यांचे आकडे बोटीवरच्या ड्राइव्हने टेपवर उतरवायचे आणि परतल्यावर केंद्रातल्या जोडीच्या ड्राइव्हवर वाचायचे, ही इथली रीत. गेल्या वर्षी मात्र सगळ्या सफरीच्या टेपा किनाऱ्यावर आल्या आणि एकही वाचता आली नाही. यंदाही तसंच झालं तर ही मोजणी कायमची बंद, असं वरून स्वच्छ कळवलं होतं.

त्याचं खापर सिग्ब्योर्नच्या डोक्यावर फुटलं होतं. हा जन्मभर हेरिंगच्या मागे फिरलेला म्हातारा संशोधक. टेपांची पेटी त्याने बोटीच्या जनरेटरवर ठेवली होती, म्हणून त्यातल्या चुंबकाने सगळं पुसलं गेलं, असं ठरलं. बरं, ठरवलं कुणी? त्यानेच! कुणी बोट दाखवण्याआधीच दोष अंगाला लावून घ्यायची या किनाऱ्यावरच्या माणसांना भारी हौस. तेव्हापासून त्याने टेपेला हात म्हणून लावला नव्हता.

ओस्लोहून आलेला विक्रेता प्रेबेन मात्र असल्या दुखण्यांपासून लांब होता. त्याने दोन प्रकारचे ड्राइव्ह आणले होते, प्रत्येकाची जोडी.

"हा बघ, तोरुन! एवढीशी कॅसेट, टेप लिहिणारं-वाचणारं हेड आत गरगर फिरतं. तुझी कॉफी संपायच्या आत काम फत्ते. आणि हा दुसरा, जाड्या. चांगला आहे, पण याला वेळ लागतो."

छोट्याने टेप लिहिली, मागे गुंडाळली आणि घडाघडा वाचून दाखवली. चूक औषधालाही नाही. तोरुनने टाळ्याच वाजवल्या.

"पाहिलंस, सिग्ब्योर्न? उडतोय नुसता!"

"उडू दे. उतरता येतं का ते बघ," तो दारातूनच म्हणाला.

जाड्या कुरकुरत, रमतगमत काम करत राहिला. तोवर तोरुनचं मन छोट्यावर बसलंही होतं. जोडीतला एक तिने बोटीवर नेला, जुन्या ड्राइव्हशेजारी स्वतः जोडला, एक टेप लिहिली आणि सिग्ब्योर्नच्या हातात कोंबली.

"चल, किनाऱ्यावर वाचून बघू!"

केंद्रातल्या छोट्याने टेप गिळली, घरघरला, आणि टेप बाहेर ओकली.

"धूळ असेल," प्रेबेन म्हणाला आणि हेड साफ करायची कॅसेट फिरवली. पुन्हा ओकली.

सिग्ब्योर्नचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या खिशात किल्ल्या होत्या. टेप त्याच खिशात..."

"गप रे! किल्ल्यांनी कुठे टेप पुसली जाते?" तोरुन टेप घेऊन सुसाट पळाली, ती थेट बोटीवर. मागून दोघे धापा टाकत आले. बोटीवरच्या छोट्याने तीच टेप सरळ वाचली, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत.

"बघ, तुझ्या किल्ल्यांनी काही केलेलं नाही! याचं हेडच केसभर तिरकं बसलंय. हा तिरकं लिहितो आणि आपलं तिरकं आपण बरोब्बर वाचतो. दुसऱ्याला ते कसं लागणार?"

आपला तो बाब्या! सकाळभर ड्राइव्हला त्याचीच टेप भरवून सगळे त्याचं कौतुक करत बसले होते.

"आम्ही नेहमी असंच तपासतो," प्रेबेन पुटपुटला.

"तुम्हाला धक्क्यावरून कधी बोटीवर जावं लागत नाही ना, म्हणून!"

एवढं बोलून ती थबकली. समोर जुना ड्राइव्ह होता, आज भंगारात जायचा. गेल्या वर्षी टेपा वाचता येईनात तेव्हा बोट दुरुस्तीला गेली होती, आणि त्या बोटीवरच्याच ड्राइव्हवर लावून बघाव्यात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सिग्ब्योर्न, त्या टेपा कुठायत?"

"टेबलाखाली. टाकवत नाहीत मला."

"आण! अरे, बघतोस काय, पळ!"

म्हातारा पळाला. धक्क्यावरच्या कुणी त्याला आजवर पळताना पाहिलं नव्हतं; जाळी आवरणारे खलाशी हात थांबवून बघत राहिले. तोरुनने पहिली टेप जुन्या ड्राइव्हमध्ये सरकवली. तो खोकला, अडखळला, आणि पडद्यावर आकडे धावायला लागले. रांगांमागून रांगा.

"वाचतोय!" तोरुन किंचाळली आणि तिने प्रेबेनलाच मिठी मारली.

मग जाड्याची जोडी बसवली. बोटीवर लिहून किनाऱ्यावर वाचलं, किनाऱ्यावर लिहून बोटीवर वाचलं, आणि तोरुनने त्याच्यावरच शिक्कामोर्तब केलं. प्रेबेनने छोटे गाडीत भरले.

"हा जुनाही नेतो. तेवढंच तुमचं ओझं कमी."

"हात लावून तर बघ!" सिग्ब्योर्न गरजला.

बोटीचा भोंगा झाला तरी तो पडद्यासमोरून उठेना. तोरुन त्याच्याजवळ वाकली.

"पुसलं नव्हतं मी," तो म्हणाला. डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. "तोरुन, मी काहीच पुसलं नव्हतं."

"नाही रे. काहीच नाही."

त्याने पेटीतली पुढची टेप उचलली आणि स्वतःच्या हाताने ड्राइव्हमध्ये घातली.