राखेच्या रेघेआतली माणसं

इमारतीभोवती राखेची रेघ होती आणि रेघेच्या आत अख्खी इमारत अडकली होती. जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सिलिंडर पोचवायला आलेला माणूस सिलिंडरवरच बसला होता. खूश होता तो फक्त विमा एजंट. त्याला बघून दारं लावणारे आज कुठेच पळू शकत नव्हते.

ही रेघ ओढून दारात बसलेल्या उंदीर महाराजांनी पिंजरा उघडला. पांढरा उंदीर तुरुतुरु रेघेपर्यंत गेला, ती हुंगून गर्रकन वळला आणि महाराजांच्या बाहीत शिरला. उंदीर बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे आतही येऊ शकत नाही, हे सगळ्यांना पटलं. हात जोडले गेले.

"रेघेच्या आत माणूस सुखी, रेघेबाहेर उंदीर दुःखी," महाराज म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत कुणी रेघ ओलांडली, तर रोग घरोघर."

रोग वरच्या मजल्यावर आधीच आला होता. इमारतीचंच तुंबलेलं तळघर मोकळं करायला प्लंबर पायाला कापलेलं असताना गुडघाभर पाण्यात उतरला होता, आणि त्या तळघरात उंदरांचा संसार होता. आता तो तापाने फणफणला होता. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईना.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, "उंदरांच्या लघवीतले जंतू पाण्यात मिसळतात, जखमेतून अंगात शिरतात. औषध आहे. पण उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होतात. आत्ता आणा."

"आई, मी रिक्षा बोलावलीये."

सासूबाई दार अडवून उभ्या होत्या. "त्याच्या एकट्यापायी सगळ्यांच्या घरात रोग घालू? माझाच मुलगा आहे गं तो." त्या रडत होत्या, पण दारातून हलत नव्हत्या.

विनवण्या करायला बायको पुन्हा खाली आली. महाराजांनी आशीर्वादाला हात उचलला आणि बाहीतून शेंगदाण्याची लाल सालं तिच्या डोक्यावर पडली.

तिने सालं झटकली नाहीत. हात जोडून म्हणाली, "महाराज, यांना उठवत नाही. खिडकीतून दर्शन घ्यायचं म्हणतात. जरा रस्त्यावर उभे राहता का? तुम्हाला कुठली रेघ बाधणार!"

"आम्ही नंतर बघू."

"जा ना महाराज," एजंट म्हणाला. "विम्याशिवाय रेघ ओलांडणारा माणूस आम्हालाही बघू द्या."

गर्दीपुढे इलाज नव्हता. महाराजांनी उंदीर पिंजऱ्यात टाकला, पिंजरा दारात ठेवला आणि रस्त्यावर जाऊन हात उंच केला. तिने वाकून पिंजऱ्याचं दार उघडलं.

उंदीर सरळ निघाला. राखेत इवली पावलं उमटवत रेघेपलीकडे गेला, महाराजांच्या कफनीवर चढला आणि बाहीत गेला.

"बाहीत शेंगदाणे आहेत," ती म्हणाली. "महाराज आत होते तोवर तो आत राहिला. त्याला रेघ दिसत नाही, भूक लागते."

सिलिंडरवाल्याने पुढे जाऊन महाराजांची बाही झटकली. शेंगदाणे रस्ताभर झाले.

"हा उंदीरच नास्तिक निघाला," महाराज म्हणाले आणि चालायला लागले.

प्लंबरला खुर्चीत बसवून खाली आणलं. रेघेपाशी सासूबाई थांबल्या, उंदराची पावलं बघितली, मग राखेवर मुद्दाम दोन्ही पाय ठेवून पुढे गेल्या आणि रिक्षात आधी बसल्या. "पाय इकडे दे त्याचे, माझ्या मांडीवर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.

उंदरांना जरूर भ्या, पण नीट भ्या. कापलेला पाय तुंबलेल्या पाण्यात घालू नका, अन्न झाकून ठेवा, बिळं बुजवा, ताप आला की दवाखाना गाठा. आणि कुणी उंदरांसाठी रेघ ओढलीच, तर आत कोण कोण अडकलंय तेवढं तळघरासकट मोजून बघा.