सगळ्यात तापणारं घर

बोरीवलीच्या त्या सोसायटीत दर्शनाचं घर सातव्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली. गच्चीला पांढरा रंग लावा, घराची भट्टी होते, असं ती दर एप्रिलमध्ये सांगायची. सेक्रेटरी परबकाका दर एप्रिलमध्ये हसायचे, "थंडी वाजत नाही, एवढं तरी सुख मान गं!"

यंदा घरांना वीजबचतीचे तारे देण्याची योजना आली. प्रत्येक घराला वेगळे तारे, इमारतीची सरासरी, की सगळ्यात तापणाऱ्या घरावरून अख्ख्या इमारतीला एकच दर्जा, हे सभेने निवडायचं होतं. काकांना दुसऱ्या मजल्यावरचा आपला फ्लॅट विकायचा होता आणि गिऱ्हाइकाला चार तारे हवे होते. बाकी कुणालाच घर विकायचं नव्हतं. दर्शनाने तिसरा पर्याय मांडला. काकांनी कुणाच्या ग्रिलची परवानगी अडवली होती, कुणाच्या पार्किंगची. हात भराभर वर गेले. तपासणी झाली आणि इमारतीला एकच तारा मिळाला.

दुसऱ्या दिवशी काका तिच्या हॉलमध्ये घाम पुसत बसले होते.

"उद्याच रंग लावतो, माझ्या खर्चाने. सोमवारी तपासणीवाल्याला फक्त परत घरात घे."

"घेईन की. दिवाळीनंतर."

"गिऱ्हाईक थांबणार आहे का तोवर? मग रंगही दिवाळीनंतर!"

"चालेल, काका."

आणखी एक उन्हाळा भाजून निघायचं, हा खर्च तिने आधीच धरला होता. काकांचा चेहरा बघून तिला तो स्वस्तच वाटला.