वरच्या पुलाचे दोन बोर्ड

खालच्या पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्यांची रांग लागली होती आणि कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. पान्याला पहिली शंका आली ती तिथेच.

पान्या हा रस्त्यावरचे बोर्ड उभे करणारा फिटर. खिशात सतत पाना, म्हणून पान्या; खरं नाव आठवायला घरच्यांनाही आता जरा वेळ लागायचा. कालव्यावरच्या दोन अरुंद पुलांना नवे बोर्ड त्यानेच काल लावले होते. पूल असे, की एका वेळी एकच गाडी जाणार. म्हणून एका टोकाला तांबड्या कडेचा गोल बोर्ड: थांबा, समोरच्याला आधी येऊ द्या. दुसऱ्या टोकाला निळा चौकोनी: तुम्ही आधी जा, समोरचा थांबेल.

रांगेतला पहिला टॅक्सीवाला बोनेटवर मांडी घालून बसला होता.

"काय झालं?" पान्याने विचारलं.

"काही नाही. पलीकडच्याला आधी येऊ देतोय."

"मग तो येत का नाही?"

"तो मला येऊ देतोय. मघापासून चाललंय. माणूस फार चांगला आहे."

पान्याने बोर्ड बघितला. गोल. धावत पलीकडे जाऊन बघितलं. तोही गोल.

कारखान्यात रंग खरवडला जाऊ नये म्हणून बोर्ड तोंडाला तोंड लावून जोडीने बांधतात. चौकोनाचा कोपरा गोलाचा रंग खातो, म्हणून गोलावर गोल आणि चौकोनावर चौकोन. फिटर लोकांची रीत मात्र अशी, की एक गठ्ठा, एक पूल. बोर्ड ओळंब्यात आहे की नाही एवढंच फिटर बघणार. त्यावर काय म्हटलंय ते बघणं गाडीवाल्यांचं काम. त्या हिशेबाने पान्याचं काम चोख होतं. दोन्ही बोर्ड सुतासारखे सरळ होते.

म्हणजे दोन्ही चौकोन वरच्या पुलावर गेले होते. वरच्या पुलाला मधोमध उंटासारखी पाठ होती. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नसे. आता तिथे दोन्हीकडून येणाऱ्याला बोर्ड सांगत होता, जा, समोरचा थांबलाय. आणि आज ताईची लायसन्सची परीक्षा होती, वरच्याच पुलावरून.

ताई मागच्या खेपेला फार बिचकते म्हणून नापास झाली होती. शाळेची व्हॅन चालवायचं काम ठरलेलं, लायसन्स तेवढं दाखवायचं बाकी. काल जेवताना पान्यानेच तिला झापलं होतं, "बोर्ड म्हणाला जा, की दाबायचं. विचार करत बसायचं नाही."

तिचा फोन बंद. परीक्षेत बंदच ठेवायचा असतो. त्याने मुकादमाला लावला.

"मुकादम, वरच्या पुलावर दोन्हीकडे चौकोन लागलेत."

"सरळ आहेत ना?"

"सरळ आहेत."

"मग तक्रार कुणाची?"

"अजून कुणाची नाही. मेल्यावर करतील."

"आली की लेखी द्यायला सांग," म्हणून मुकादमाने फोन ठेवला.

पान्याने स्कूटर कालव्याच्या कडेने पिटाळली. वळणावर त्याला दोन्ही दिसले: पलीकडच्या काठावर शिकाऊ माणसाची पाटी लावलेली पांढरी गाडी, आणि अलीकडे, त्याच्या मागे, खडीने भरलेला ट्रक. दोघंही पुलाकडे. चौकोन दिसताच ट्रकने वेग वाढवला. चढ होता, आणि बोर्डाचीही ना नव्हती.

पान्या माथ्यावर आधी पोचला. स्कूटर आडवी टाकून तो दोन्ही हात पसरून उभा राहिला. खालून ताई येत होती. शेजारी बसलेला परीक्षक कागदात मान घालूनच पुढे चला म्हणून हात हलवत होता; ताई बोर्डाकडे बघत होती, मग भावाकडे, मग परत बोर्डाकडे. गाडी थांबेना. मागे ट्रकचे ब्रेक किंचाळले. पान्या कठड्याला चिकटला आणि त्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा ट्रकच्या बंपरने स्कूटर ढकलत ताईच्या बंपरला नेऊन टेकवली होती, अगदी अलगद, ओळख करून दिल्यासारखी.

परीक्षकाची मान अजून कागदात होती. "रस्ता आपला असताना विनाकारण थांबलात," तो म्हणाला. "नापास."

ताईच्या काचेत फक्त ट्रक होता. "साहेब, पास व्हायला काय करायचं होतं?"

"न थांबता पुढे जायचं होतं."

मग त्याने मान वर केली. त्याला ट्रक दिसला.

ट्रकवाला खाली उतरला. "बोर्ड वाचता येत नाही का? मी आधी."

"आमचाही तेच म्हणतो," ताई म्हणाली.

"तुमचा चुकीचा असेल."

"सरकारी आहे."

"मग माझा काय घरी रंगवलाय?"

"दोन्ही मीच लावलेत," पान्या म्हणाला. "चूक माझी. तिची नाही."

"हे कोण?" परीक्षकाने विचारलं.

"भाऊ," ताई म्हणाली. "परत करता येत नाही."

परीक्षक उतरला, ट्रकमागे चालत गेला, पलीकडचा बोर्ड वाचून आला आणि गाडीत बसून त्याने पट्टा लावला. खडीचा ट्रक चढावरून मागे घेणं शक्यच नव्हतं. पान्याने स्कूटर बाजूला ओढली, खाली जाऊन ताईच्या बाजूचा चौकोन खोलायला घेतला.

"आमचाच का काढतोस?" ताईने खिडकीतून विचारलं.

"कुणाचा तरी काढायलाच हवा. मागे ये."

ताई मान मागे वळवून हळूहळू आली, कठड्याला न घासता. परीक्षकाने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. खाली पोचल्यावर त्याने आधीचं खोडलं, नवीन लिहिलं, सही केली.

"पास," तो म्हणाला. "मला इथेच उतरू द्या."

"अहो, बसा की, ऑफिसपर्यंत सोडते."

पण साहेब रस्त्याच्या अगदी कडेने, गवतातून, केव्हाच चालायला लागले होते.