अर्धं पाऊल मागे

नणंदेने पायातला पोलिसी बूट ओढून काढला आणि फरशीवर असा आपटला की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने हेडफोन झटकन कानांवरून काढले.

"पुन्हा?" तिने विचारलं.

"पुन्हा," दिग्दर्शक म्हणाला. "एक पाऊल चुकत नाही, तीच तर पंचाईत आहे. दोन मित्र पळतायत असं वाटतच नाही. एकच माणूस चार पायांवर पळतोय!"

पडद्यावर दोन पोलीस, एक उंच, एक बुटका, गोदामाच्या पत्र्यावर तोंडं वासून थांबले होते. चित्रीकरणात पावलांचे आवाज नीट सापडत नाहीत. ते नंतर या खोलीत, पडद्याकडे बघत, बूट घालून कोणीतरी वाजवावे लागतात. पहिल्या भागात उंचाची पावलं नणंदेची होती आणि बुटक्याची वहिनीची. त्या मिशाळ गड्यांचे पाय खरं तर नणंद-भावजयीचे आहेत, हे प्रेक्षकांच्या बापालाही कळलं नव्हतं.

तो भाग तुफान चालला, म्हणून हा दुसरा काढला. आणि यात काय नव्हतं हो? गाड्या उलटत होत्या, हेलिकॉप्टर होतं, अख्खाच्या अख्खा पूल उडत होता. खलनायक मात्र अगदीच मिळमिळीत, विनोद गेल्या खेपेचे शिळे, आणि या धुमाळीत दोघा मित्रांना धड भांडायलाही फुरसत नव्हती. पत्र्यावरचा शेवटचा पाठलाग तेवढा फक्त दोघांचा. तो पडला की सिनेमा पडलाच.

वहिनी का आली नव्हती, ते नणंदेला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या भागाच्या यशाच्या मेजवानीत जो तो बुटक्याच्या मागे पडणाऱ्या पावलांचं कौतुक करत होता, आणि नणंद चारचौघांत बोलून गेली, "कौतुक कसलं? बूट मोठा होतो तिला. ती मागे पडते, मी सांभाळून घेते." वहिनीने हातातली बशी हळूच खाली ठेवली होती. तेव्हापासून घरात बोलणं उरलं ते कामापुरतं, आणि वहिनीच्या तोंडी 'तू'चं 'तुम्ही' झालं. या खेपेला बोलावणं आलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्हीच करा की दोघांचं. चुका तरी होणार नाहीत."

आणि खरंच, झाल्या नव्हत्या.

नणंदेने फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला.

"वहिनी, ये ना गं. मला एकटीला नाही जमत."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग, "माझे बूट आहेत की टाकलेत?"

"आहेत."

वहिनी आली ती ओल्या केसांनीच. तिने बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि पत्र्याच्या तुकड्यावर नणंदेशेजारी उभी राहिली.

"पुढे बघून पळा, वन्सं. मला सांभाळायची गरज नाही."

"गप. माइक चालू आहे."

लाल दिवा लागला आणि दोघी जागच्या जागी धावू लागल्या. नणंदेचं पाऊल खणखणीत, वहिनीचं घसटत, अर्धं पाऊल मागे. पत्र्याच्या टोकाशी कॅमेरा चेहऱ्यांवर गेला, पाय दिसेनासे झाले. इथे नणंद आजवर सरळ पळत आली होती. आज मात्र शेजारून वहिनीची धाप ऐकू आली, अगदी खरीखुरी, आणि तिचे पाय आपोआप मंदावले. वहिनीचा बूट येऊन शेजारी पडला. मग दोघी एकदम उसळल्या, आणि पडद्यावर दोघा मित्रांनी उडी घेतली.

"हेच!" दिग्दर्शक खुर्चीवरून उठून नाचायलाच लागला. "अरे, तो थांबला त्याच्यासाठी! चित्र तेच आहे, पण थांबला! पूल उडवायची गरजच नव्हती राव!" रेकॉर्डिस्टने दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली. त्याने तो तुकडा परत लावला, आणि परत शिटी मारली. असं काम त्या दोघींच्या हातून आजवर झालं नव्हतं.

वहिनी खाली बसून बूट काढत होती. नणंदेने ते उचलून बाजूला ठेवायला घेतले, तर पुढच्या टोकात काहीतरी लागलं. चाचपून पाहिलं. चिंध्यांचा बोळा होता, पहिल्या भागाच्या सगळ्या पळापळीत बोटांनी दबून दगडासारखा झालेला.

"अगं, हे तर भरलेले आहेत. तुला हे सैल होतच नाहीत!"

"पहिल्याच दिवशी भरले होते."

"मग तू मागे कशी पडायचीस?"

"बुटका दमलेला असतो गं. त्याच्याकडे कधी नीट बघितलंस तू?"

नणंदेने पुन्हा आत हात घालून बोळा दाबून पाहिला. "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर तोंड का नाही उघडलंस?"

"तू कधी थांबतेस, ते बघत होते," वहिनी म्हणाली. चेहरा गंभीर ठेवायला गेली, पण हसू फुटलंच.

"बाईसाहेब," काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला, "आता पुलावरची पावलंसुद्धा पुन्हा करू! दोघींनी मिळून!"

नणंदेने बूट वहिनीच्या पायांपुढे सरळ करून ठेवले आणि तिच्या नाड्या बांधून होईपर्यंत थांबली.