माझ्या अंगावरचा लाल सहा

मी जुनी आहे, पण मला कोणी नुसतं लाकूड म्हणायचं नाही. मी चौकट आहे, मित्रांनो. मनिलाच्या जवळ, हागोनॉयच्या खाडीकाठी, गल्लीतल्या बास्केटबॉलच्या मैदानाकडे तोंड करून पंचावन्न वर्षं उभी आहे. शेजारपाजारच्या चौकटी वाळवीने खाल्ल्या, पुराने कुजवल्या, त्यांच्या जागी पत्रे ठोकले गेले. मी मोलावेच्या लाकडाची. मोलावे काय असतं ते सुताराला विचारा, पटाशीची धार गेली की तो आपणच सांगेल. शाळा मी पाहिलेली नाही. पण माझ्या अंगावर आकडे लिहिलेले आहेत आणि ते मला पाठ आहेत. त्या आकड्यांनी एका चांगल्या मुलाचं काय केलं, ते सांगायला मी तोंड उघडलं आहे.

मला घडवलं लोलो कासियानोने. लोलो म्हणजे आजोबा. तो होड्या बांधायचा, म्हणून माझे सांधे होडीसारखे आहेत. पाणी आत शिरायला जागा नाही. घर बांबूचं, पण चौकट मोलावेची. लोक हसले. तो पटाशी चालवत राहिला. मला त्याचा हा स्वभाव आवडायचा.

नातू झाला, रेमार्त नाव ठेवलं, त्या आठवड्यात लोलोने माझ्या उजव्या अंगावर जमिनीपासून वरपर्यंत फूट आणि इंच रंगवले. सगळे आकडे काळे, फक्त सहाचा आकडा लाल. सहा फूट. "हा इथवर पोचला की आपल्या घरातला माणूस मनिलात खेळेल," असं तो सुनेला म्हणाला. सुनेचं नाव लिगाया. ती स्वतः चार फूट अकरा. तिलाही त्याने हौसेने उभं करून रेघ मारली होती. तिचा नवरा जहाजावर असायचा, अधूनमधून घरी यायचा. पुढे नुसती त्याची पत्रं आली, मग पत्रंही थांबली. लोलो गेला तेव्हा रेमार्त नऊ वर्षांचा होता. लाल सहा तेवढा मागे राहिला.

दर नवीन वर्षाच्या सकाळी मोजणी व्हायची. आमच्याकडे वर्ष बदलताना पोरं उड्या मारतात, म्हणजे उंची वाढते. रेमार्त इतक्या उड्या मारायचा की सकाळी त्याच्या पोटऱ्या सुजलेल्या असायच्या. मग तो मला पाठ लावून उभा राहायचा. लिगाया भाताचा पळा आडवा धरून त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि पेन्सिलीने रेघ ओढायची. वाढावं म्हणून तो रोज माझ्या माथ्याला धरून लोंबकळायचाही. त्याचं वजन मला आवडायचं, हे मी कबूल करते. गल्लीतली सगळी पोरं मला लाथा घालून आत शिरायची, हा एकटा मला धरायचा.

खेळायचा मात्र देखणा. रबरी चपला घालून खेळायचा आणि चेंडू त्याच्या हाताला बांधल्यासारखा वागायचा. पण सोळाव्या वर्षी पाच फूट पाच इंच. सतराव्या वर्षी पाच फूट पाच इंच. रेघेवर रेघ आली. लिगायाने पेन्सिल ओली करून दुसरी रेघ जराशी जाड काढली, एवढंच.

त्या वर्षी मे महिन्यात सणाच्या सामन्यांना मनिलाच्या एका कॉलेजचा प्रशिक्षक आला. खेळ संपल्यावर तो माझ्यासमोर उभा राहून रेमार्तशी बोलला.

"हात चांगलेत तुझे. उंची किती?"

"पाच पाच. पण वाढतोय अजून."

"पाच दहाच्या खाली मी माणूस घेत नाही. दोन वर्षांनी चाचणी आहे. वाढलास तर ये. नाही वाढलास तर गाडीभाडं वाचव."

पोराने शेवटचं वाक्य ऐकलंच नाही.

आता आमच्याकडची गोष्ट ऐका. इथली जमीन खचते आणि समुद्र वर येतो. भरतीला पाणी न विचारता घरात येतं, चुलीखाली बसतं. म्हणून हल्ली दोन पावसाळ्यांआड घरोघरी जमीन उचलतात. आधी विटांचे तुकडे, मग शिंपल्या, मग वाळू, वर सिमेंट. भिंती आहेत तिथेच राहतात, चौकट आहे तिथेच राहते, जमीन तेवढी वर येते. त्या पावसाळ्यात लिगायाच्या घरात पहिल्यांदाच तीन इंच भराव पडला. माझे पाय तीन इंच गाडले गेले. कोणी मला विचारलं नाही.

नवीन वर्ष आलं. रेमार्त मला पाठ लावून उभा राहिला. लिगायाने पळा ठेवला, रेघ ओढली आणि लोलोचा आकडा वाचला.

"पाच आठ."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मित्रांनो, तो भराव त्याने स्वतः घातला होता. वाळूच्या गोण्या त्याच्या खांद्यावरून आल्या होत्या, सिमेंट त्याने स्वतः घोटून गुळगुळीत केलं होतं, त्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या पायाशी अजून आहे. तरी तो म्हणाला, "नानाय, लागलं बघ वाढायला." आणि त्याची आई म्हणाली, "मी म्हणतच होते, उशिरा वाढतात काही पोरं."

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. खोटं कशाला बोलू. मला जीव लावून धरणारं दुसरं कोण होतं?

दुसऱ्या वर्षी पाणी आणखी चढलं, आणखी तीन इंच भराव पडला. दरम्यान गोदीत कामाला असलेल्या त्याच्या मामाने निरोपावर निरोप धाडले, जागा धरून ठेवली आहे, ये. याने कळवलं, मी वाढतोय. शाळेत मोजमाप असायचं त्या दिवशी याच्या पोटात दुखायचं. शेजाऱ्यांच्या दारात तो कधी पाठ टेकून उभा राहायचा नाही. जगात त्याचा विश्वास फक्त माझ्यावर होता.

एकोणिसाव्या वर्षीची मोजणी. पाच फूट अकरा इंच. लाल सहा बोटभर वर राहिला होता. आणि तेवढ्यात त्याची धाकटी बहीण जोनालिन पुढे आली. पंधरा वर्षांची, जीभ पटाशीसारखी. थोरल्या भावाला आमच्याकडे कुया म्हणतात.

"कुया, सरक. मला मोजा."

"तुला काय करायचंय मोजून," आई म्हणाली.

"कुयाला मोजायचं आणि मला नाही? सरक." तिने स्वतःच डोक्यावर हात ठेवला. "मी पण वाढले की. मला चालेल, माझं वय आहे. आता तू उभी राहा, नानाय."

"माझ्या चुलीवर भात आहे."

"भात कुठे जात नाही." तिने आईला खांद्याला धरून माझ्याशी उभं केलं, पळा डोक्यावर ठेवला आणि सावकाश वाचलं. "पाच पाच. लोलोने तुझी रेघ मारली होती चार अकराला. नानाय, सेहेचाळीसाव्या वर्षी तू सहा इंच वाढलीस. कुयाबरोबर तूही जा मनिलाला. दोघांना घेतील."

लिगायाने तोच पळा तिच्या गालावर हाणला. भाताची शितं माझ्या अंगावर उडाली.

रेमार्त मध्ये पडला. "मारतेस कशाला तिला," तो म्हणाला. "तू टाचा उचलल्या असशील, नानाय."

लिगायाने स्वतःच्या टाचांकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "उचलल्या असतील."

ती सकाळ मला फार लागली. दार उघडं होतं, मित्रांनो, खरं बाहेरून आत चालत आलं होतं, आणि तिघांपैकी दोघांनी त्याला बाहेर काढून कडी लावली. जोनालिन त्या दिवसापासून माझ्याकडे पाहायची आणि थुंकायची.

चाचणीला तो मित्राबरोबर गेला. बोयेत नाव, लठ्ठ पोरगा, पोटात काही राहत नाही त्याच्या. संध्याकाळी परत आला तो बोयेत एकटाच. रेमार्त कोपऱ्यावरच थांबला होता. बोयेत माझ्या उंबऱ्यावर बसून लिगायाला सांगायला लागला. सांगता सांगता त्याला हसू आवरेना, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटत होतं.

"आधी खेळवलं, लिगाया काकू. चांगलाच खेळला. मग सगळ्यांना बूट काढायला लावले. याने दोन जोड मोजे घातलेले, तेही काढायला लावले. लोखंडी दांडा असतो, वरून खाली येतो, डोक्यावर टेकतो. तो येतोय, येतोय, येतोयच. पाच पाच. तो साहेब म्हणाला, अर्जात पाच अकरा कोणी लिहिलं? हा म्हणाला, मी. तुला कोणी सांगितलं? तर हा म्हणतो..." बोयेतने तोंडावर हात धरला. "म्हणतो, आमच्या घरच्या दाराने."

"मग?"

"मग काय. सगळं मैदान हसलं. साहेब म्हणाला, दाराला पाठवून दे, त्याला घेतो."

लिगायाने बोयेतला जेवायला वाढलं नाही, आणि ते आमच्या गल्लीत थोबाडीत मारण्यासारखंच आहे.

दोन दिवसांत नाव पडलं. पिंतो, म्हणजे दार. पोरं मैदानातून ओरडायची, "ए पिंतो, उघड की." मामाची गोदीतली जागा दुसऱ्याला गेली होती. रेमार्त घरात आला, माझ्याकडे पाहिलं नाही. निवडणुकीचा एक जुना फलक आणला आणि माझ्या उजव्या अंगावर खिळे मारून बसवला. होडीवाल्याच्या लाकडात त्याने अकरा खिळे मारले. पुढची तीन वर्षं मी कोणा पडलेल्या उमेदवाराचे दात पांघरून उभी होते. माझी मोजणी नाही, माझ्या माथ्यावर हात नाही. तो जाताना अंग चोरून जायचा, उधारीवाल्याच्या दुकानासमोरून जावं तसा.

मी काही त्याची कीव केली नाही. हात चांगले असणं आणि उंच असणं या दोन गोष्टी आहेत, आणि देवाने त्याला एकच दिली होती. ते तो सतराव्या वर्षी ऐकता तर गोदीत एव्हाना मुकादम असता. मीही तेव्हा गप्प होते, त्यामुळे मला फार बोलायचा हक्क नाही. तरी बोलते.

पोट भरायला तो भरावाच्या कामाला लागला. गंमत बघा, दुनियेतलं तेवढंच काम त्याला चांगलं येत होतं. दोरी ताणून, पाण्याची पातळी लावून तो अशी जमीन उचलायचा की ओंजळभर पाणी टाकलं तर ते कुठे जावं ते ठरवू शकायचं नाही. बाविसाव्या वर्षी गल्लीने त्याला मैदानच उचलायला दिलं. भरतीला तिथे घोट्याइतकं पाणी साचायचं. त्याने फूटभर भराव घातला. खांब आणि चेंडू टाकायची वरची कडी होती तिथेच राहिली, माझ्यासारखी.

सिमेंट वाळल्यावर एका सकाळी तो एकटाच चेंडू घेऊन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. चार पावलं धावला, उडाला, आणि चेंडू त्याने वरून, कडीच्या आत दाबून टाकला. दोन्ही हातांनी कडी धरून लोंबकळत राहिला, लहानपणी माझ्या माथ्याला लोंबकळायचा तसाच. जन्मभर त्याने हेच मागितलं होतं. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. मी पाहिलं, मित्रांनो: आधी ते तोंड दहा वर्षांच्या मुलाचं झालं, मग हळूहळू उतरत गेलं. या वेळी त्याला माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सोंग त्याला जमेना.

तोवर गल्ली जागी झाली होती. दुपारपर्यंत जो तो उड्या मारून चेंडू दाबत होता. बोयेतची बोटंही कडीला लागली. त्याने बायकोला बोलावून दाखवलं. रेमार्त टेप घेऊन आला. नऊ फूट. कडी हवी होती दहा फुटांवर. तो शिडी लावून कडी उतरवायला लागला.

"पिंतो, राहू दे की," बोयेत म्हणाला. "आम्हाला होऊ दे ना उंच थोडे दिवस."

"मी होतो उंच दोन वर्षं. खाली उतरायला मनिलापर्यंत जावं लागलं."

"तुला नाही मिळालं म्हणून आमचंही काढतोस?"

"हो," तो म्हणाला. "तसं समज."

कोणीतरी चप्पल मारली, ती त्याच्या पाठीला लागली. त्याने ती उचलून बाजूला ठेवली आणि कडी फूटभर वर चढवली. पोरं शिव्या घालत पांगली. मग तो पुन्हा धावला, उडाला. कडी चार बोटं वर राहिली. पुन्हा उडाला. चार बोटं. तिसऱ्यांदा उडाला नाही. पाणी प्यायला आणि घरी आला.

घरातही त्या आठवड्यात तिसरा भराव पडला होता. त्याने पक्कड घेऊन अकराच्या अकरा खिळे काढले, फलक फाडून टाकला. मला पाठ लावून उभा राहिला आणि जोनालिनला हाक मारली. ती आली, पळा घेऊन. आता तिने टोमणा मारला नाही.

"कुठे आली?" त्याने विचारलं.

"लाल सहाच्या वर. सहा दोन."

लोलोचा आकडा त्याने ओलांडला होता, आणि माझे नऊ इंच जमिनीत होते. त्याने वळून ती रेघ पाहिली. लिगाया चुलीपाशी उभी होती, तिने तोंड फिरवलं. मग त्याने खिशातून टेप काढला, नव्या जमिनीपासून रेघेपर्यंत लावला आणि गवंड्याच्या पेन्सिलीने लाल सहाच्या डोक्यावर ठळक लिहिलं: ५ फूट ५.

"नानाय, तू ये," तो म्हणाला.

"माझा भात लागेल."

"लागू दे."

ती आली. तिच्या रेघेपुढे त्याने चार अकरा लिहिलं. मोजताना ती टाचा इतक्या दाबून उभी होती की सिमेंटमध्ये रुतेल असं वाटलं.

आता मी मावळतीला आहे. अजून तीन-चार भराव झाले की माझ्यातून वाकून जावं लागेल, मग मला काढून टाकतील. रेमार्तच काढेल, सरळ कापेल, एवढी खात्री आहे. गल्लीत अजून त्याला पिंतोच म्हणतात. माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही, मोलावेला निगा लागत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी पाठ ताठ करून उंची मोजायला उभं राहिलं, तर रेघ मारण्याआधी त्याच्या पायाखाली बघा. आणि बघितलंत की बोला, त्याचं तोंड पडलं तरी बोला. मला तोंड नव्हतं, ही माझी सबब आहे. तुमची कोणती?