शिव्यांनी पिवळं झालेलं पाणी

नळीतलं जांभळं पाणी पिवळं झालं आणि गेणबाच्या पपईच्या बागेत एकच गलका उठला. पुढच्यांनी हात जोडले, मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर रेलून पाहिलं, आणि ज्यांना काहीच दिसलं नव्हतं त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं जयजयकार केला.

क्षीरानंद महाराजांनी काचेची नळी उंच धरली. "हा जांभळा रंग म्हणजे रोग! शरीराला चढलेला गंज! आमच्या सिद्ध दुधाचा थेंब पडला आणि गंज उतरला. मंत्राचा ॲटम आहे हा, ॲटम! अमेरिकेला अजून सापडलेला नाही."

अमेरिकेला न सापडलेली वस्तू वरकुट्याला सापडली म्हणून गाव खूश होतं.

गर्दीत उभ्या प्रियदर्शनीला मात्र हसूही येत होतं आणि संतापही. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती दोन वर्षं हाच जांभळा रंग पिवळा करत होती. तिचा कुणी कधी जयजयकार केला नव्हता. तिचे सर नळीकडे बघून फक्त म्हणत, "छान. पुन्हा करा."

ती गावी आली होती आत्यासाठी. भागुबाई आत्याला साखरेचा आजार होता आणि पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. रोज इन्सुलिनची सुई घेतली नाही तर अंगठा कापावा लागेल, असं इंदापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. महाराज आले आणि आत्यानं सुई बंद करून त्यांचं सिद्ध दूध प्यायला सुरुवात केली. औषधाची बाटली गारव्यासाठी ठेवलेली माठाखालच्या ओल्या वाळूत तशीच पडून होती आणि अंगठ्याची कड काळी पडायला लागली होती.

"आत्या, अगं तूसुद्धा?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"मी काय देवळात जाती व्हय गं?" भागुबाई उसळली. "गेल्या साली गणपती दूध पितोय म्हणून समदं गाव लायनीत हुबं व्हतं, तवा मी एकलीच हसत व्हते. बाबासाहेबांची लेक हाय मी. ह्यानं अंगारा दिला असता तर त्याच्याच तोंडावर फेकला असता. पर ह्यो नळीत दावतो! डोळ्यानं दिसतंय. तुझंच सायन्स हाय की त्ये."

 नळी खोटी म्हणावी तर प्रियदर्शनीची स्वतःची दोन वर्षं खोटी ठरत होती. नळी खरंच बोलत होती. प्रश्न एवढाच होता, की दुधात असं काय पडतंय?

दुसऱ्या दिवशी तिनं सगळा विधी डोळ्यांत तेल घालून पाहिला. महाराज आधी साध्या दुधाचा थेंब नळीत टाकत. रंग जांभळाच राही. मग दुधाचं पातेलं कोमट राखेवर ठेवून, आपल्या लाकडी पळीनं ढवळत तासभर मंत्र म्हणत. दूध फाटे, ते फडक्यातून गाळत आणि त्या निवळीचा थेंब पडताच रंग उतरे.

"सगळी ताकद मंत्रात!" महाराज गरजत. "भांडं, पळी, चूल हे नुसतं निमित्त!"

परतताना तिला झाडांवरच्या कच्च्या पपया दिसल्या. प्रत्येकीवर उभे चरे आणि वाळलेल्या चिकाचे पांढरे ओघळ.

"गेणबातात्या, ह्या कुणी चिरल्या?"

"मीच की," गेणबा कौतुकानं म्हणाला. "म्हाराजांना चीक लागतो. पळीला लावून वाळवत्यात. पळी शुद्ध ऱ्हाती म्हनं."

प्रियदर्शनी इतकी मोठ्यानं हसली, की बिचारा गेणबा स्वतःच्या धोतराकडे बघू लागला.

सकाळी ती दोन पातेली आणि आत्याच्या म्हशीचं दूध घेऊन बागेत हजर झाली. महाराजांना तिनं वाकून विचारलं, "महाराज, आमच्या सरांना तुमची किमया कळवायची आहे. ताकद मंत्राचीच ना?"

"मंत्राचीच, बाळ!"

"पळीची नाही?"

"पळी काय, लाकूड आहे ते."

"मग आज मंत्राला आत्याच्या घरची पळी घ्या. तुमची आम्हाला द्या."

महाराजांचा चेहरा एकदम उतरला. "ती... ती आमच्या गुरूंची पळी आहे. तिला कुणी—"

"आत्ता तर लाकूड म्हणत व्हता!" गर्दीतून भागुबाई ओरडली. लोक हसले. महाराजांना मागं सरकता येईना.

दोन पातेली शेजारीशेजारी राखेवर बसली. एकावर महाराज आत्याच्या पळीनं मंत्र घोटू लागले. दुसऱ्यापाशी महाराजांची पळी घेऊन भागुबाई बसली.

"मला तर मंतर येत न्हाय," ती म्हणाली.

"मंत्र नकोच. तू शिव्या दे."

"कुणाला?"

"दुधाला."

भागुबाईच्या शिव्यांचा लौकिक पार डाळजपर्यंत होता. तरी सुरुवातीला ती लाजली. "मेल्या, म्हशीच्या कासेत व्हतास तवा बरा व्हतास..." मग तिला सूर सापडला. दुधाचं वाटोळं झालं, दुधाच्या खानदानाचा उद्धार झाला, बांध कोरणारा शेजारी आला, लग्नात जुनं लुगडं खपवणारी नणंद आली. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. महाराजांचा मंत्र दोनदा चुकला.

तासाभरानं दोन्ही दुधं गाळली. महाराजांच्या दुधाचा थेंब नळीत पडला. पांढरे कण तरंगले, पण रंग जांभळाच. मग भागुबाईचा थेंब पडला, आणि बघता बघता नळी हळदीसारखी पिवळी झाली.

 कुणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं, "भागुबाईच्या शिव्या सिद्ध झाल्या!" आणि पुढच्या चार बायकांनी तिच्यापुढं हात जोडले.

"आरं, हात खाली घ्या!" भागुबाई कडाडली. "माझी पोरगी काय सांगती त्ये ऐका आधी."

प्रियदर्शनीनं गळ्यातली मण्यांची माळ काढून मुठीत गच्च धरली. "दुधात अशा लांबच लांब माळा असतात, गुंडाळून बसलेल्या. रंग उतरवणारे मणी आत दडलेले. पपईचा चीक म्हणजे कात्री. तो माळेचे बारके बारके तुकडे करतो आणि दडलेले मणी मोकळे होतात. गंमत अशी, की तोच मणी तुकड्याच्या टोकाला आला तर झटझट काम करतो, मधेच अडकला तर आळशासारखा बसतो. कुठल्या तुकड्यात कुठला मणी कुठं बसलाय, पुण्यात मी तेच तपासते. महाराजांच्या पळीत चीक होता. मंत्र म्हणजे नुसता वेळ काढणं."

"म्हंजी मटान शिजंना तर पपई टाकत्यात, तसं?" गेणबानं विचारलं.

"तस्संच, तात्या."

"पर रोग?"

"नळीला रोग झालाच नव्हता, तात्या. तिथं फक्त रंग उतरला. आणि साधं दूध प्यालात तरी पोट त्याचे असेच तुकडे करतं, रोज, फुकट. पोट कधी मंत्र म्हणतं का?"

गेणबानं महाराजांकडे वळून पाहिलं, तर गादी रिकामी. बांधापलीकडे मोटारसायकलची फटफट ऐकू आली. पळी भागुबाईच्याच हातात राहिली होती.

त्याच दुपारी दोघी इंदापूरच्या दवाखान्यात गेल्या. "अंगठा वाचेल," जखम पाहून डॉक्टर म्हणाले, "पण आता एक दिवसही खाडा नको." सुई बघून भागुबाईनं तोंड वाकडं केलं.

"ह्ये बी दुधासारखं पाजा की. टोचता कशाला?"

"आत्या, हीसुद्धा मण्यांची माळच आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "पण ही अख्खी राहिली तरच काम करते. पोटात गेली तर पोट हिचेही तुकडे करील."

भागुबाईनं औषधाची बाटली हातात घेऊन निरखली. "म्हंजी त्या दुधाची माळ तुटली तवा रंग उतरला, आन् ही तुटली तर वाया गेली."

"हो. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. महिन्यानं परत रक्त तपासू. साखर उतरली नाही तर मला शिव्या दे."

"त्या तर मी तशा बी देईन," भागुबाई म्हणाली आणि दंड पुढं केला. सुई टोचताच तिनं अशी सणसणीत शिवी हासडली, की डॉक्टरही दचकले. औषधानं मात्र काही मनावर घेतलं नाही. ते आपल्या कामाला लागलं.

खऱ्या औषधाला ना भक्ती लागते, ना शिवीचा राग येतो. म्हणून मंडळी, उद्या तुमच्या गावात कुणी अंगारा सोडून नळी घेऊन आला, तर नळी बघून भुलू नका. हात जोडण्याआधी फक्त एवढं विचारा, "महाराज, पळी बदलू का?"